घरचा नंबर

मंगळवारी सकाळी, तपासणीआधी घ्यायची नसते म्हणून गोळी न घेता, सौंदर्या कागलहून कोल्हापूरला तपासायला रक्त द्यायला आली. आईची किडनी तिच्या पोटात बसवून दोन वर्षं झाली होती. परकी वस्तू शरीर बाहेर ढकलतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गोळी. आणि ती रक्तात पुरेशी उरते की नाही, हे महिन्याला तपासायचं. सातवी शिकलेल्या सौंदर्याला रिपोर्टातला एकच आकडा कळे. तिच्यासाठी तो पाच ते आठ हवा. खिडकीवर कागद घेऊन तो आकडा बघितल्याशिवाय ती एसटीत बसत नसे.

त्या दिवशी रक्त काढणाऱ्या शाहिस्तानं सांगितलं, की आता कागद बंद. मशीनमधला आकडा थेट दवाखान्याच्या कॉम्प्युटरला आणि घरच्या मोबाइलला जाईल. नंबर विचारला तेव्हा सौंदर्याच्या आधी नवरा, प्रभुलिंग, बोलला. त्यानं वडिलांचा नंबर दिला. सौंदर्याकडं स्वतःचा फोन होता. पण बाईच्या फॉर्मवर कर्त्या पुरुषाचा नंबर, ही आपली रीत, आणि रीतीला कारण विचारायचं नसतं. शाहिस्तानं मुकाट्यानं तो टाइप केला.

घरी धाकट्या नणंदेचं, भूमिकाचं, लग्न ठरलं होतं. सासरे चनबसाप्पा बियाण्यांचे नावाजलेले दुकानदार. सुनेची किडनी बदललेली आहे हे व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, या भीतीनं त्यांनी गोळ्यांचा डबा आपल्या कपाटात कुलूपबंद केला. पाहुणे बसलेले असले की संध्याकाळची गोळी बुडे. आणि लग्नघरात पाहुणे रोजचेच. तिनं एकदा गोळी मागितली, तर एका गोळीवाचून कुणी मरत नाही, असं तिला ऐकवण्यात आलं.

आकडा आला तो दोन. पाठोपाठ दवाखान्यातून फोन आला, ताबडतोब घेऊन या. असे तीन फोन आले. चनबसाप्पांनी तिन्ही वेळा अदबीनं होकार दिला.

"मामा, रिपोर्ट आला का?" सौंदर्यानं विचारलं.

"आलाय की. झकास हाय."

प्रभुलिंगनं तो आकडा पाहिला होता. तो खाली मान घालून जेवत राहिला. असल्या गरीब स्वभावाचं आपल्याकडं कौतुक होतं. मला त्याची शिसारी येते. रिपोर्ट चांगला, म्हणून पुढच्या महिन्यात तिला रक्त द्यायलाही पाठवलं नाही.

हळदीला तिचं तोंड सुजलं होतं. सून अंगानं भरली, सासर मानवलं, असं पाहुण्या बायका म्हणाल्या. अक्षता पडल्या त्या दिवशी ती चुलीपाशी कोसळली. वरात निघेपर्यंत तिला आतल्या खोलीत निजवून बाहेरून कडी घातली गेली.

दवाखान्यात पोचली तेव्हा किडनी संपली होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नोंदलेले तिन्ही फोन चनबसाप्पांना दाखवले. त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही.

"लेकीचं लगीन एकदाच असतंय, डॉक्टर. हिचं दुखणं रोजचंच हाय."

बाकड्यावर सौंदर्याची आई, शिवगंगा, बसली होती. ती उठून डॉक्टरांपाशी आली आणि पदर सावरत म्हणाली, "माझी दुसरी ऱ्हायलीया न्हवं. ती लावा."

डॉक्टरांना तिच्याकडं बघवेना. रक्ताच्या नळ्या घेऊन आलेली शाहिस्ता दारातच थबकली. निरोप एकही चुकला नव्हता. तिनं टाइप केलेल्या नंबरावर सगळे बिनचूक पोचले होते.

दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीची एक बाई रक्त द्यायला आली. सोबतचा दीर नंबर सांगू लागला. शाहिस्तानं कीबोर्डवरून बोटं उचलली.

"पावणं, तुम्ही थांबा. ताई, तुमचा नंबर सांगा."

बाईनं दिराकडं पाहिलं. मग म्हणाली, मला फोनच न्हाई.

"मग आईचा सांगा. रोज इथं येऊन विचारलासा तरी चालंल. पण ह्यांचा मी घालणार न्हाई."

दीर तावातावानं दवाखान्याच्या साहेबांकडं गेला. शाहिस्ता नंबराच्या रिकाम्या रकान्यासमोर तशीच बसून राहिली. तुमच्या घरातल्या बाईच्या फॉर्मवर कुणाचा नंबर आहे, तेवढं आज बघून घ्या.