झाकण की फडकं

केळीला घड एकदाच लागतो.

बुऱ्हाणपुरात दारूच्या दुकानांच्या पाट्या दोनच तऱ्हेच्या. देशी, नाहीतर अंग्रेजी.

गिरधरच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

फळबाजारात परदेशी सफरचंद आलंय. प्रत्येकाच्या कपाळाला कागदाची टिकली.

फडक्यातून हवा जाते, झाकणातून जात नाही.

या सगळ्याची गाठ पडली ती शाहपूरच्या एका गोठ्यात. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. गिरधरची बायको मालूबाई तिथं व्यापाऱ्याने नाकारलेली केळी कुस्करून ड्रममध्ये आंबवायची. ड्रमच्या तोंडाला फडकं बांधलं की हवा लागून शेवटी सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. त्याला कायद्याची हरकत नव्हती. गावच्या बाया लोणच्याला घेऊन जायच्या. पण झाकण लावलं की केळी सिरक्याच्या अलीकडच्या मुक्कामालाच थांबते. त्या मुक्कामाला मालूबाईने नाव ठेवलं होतं ‘शाहपुरी’. देशी नाही, अंग्रेजी नाही. सरकार तिला सरळ दारू म्हणायचं, आणि दारू गाळायचा हक्क फक्त मोठ्या कारखान्यांना होता.

बुऱ्हाणपूरचा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका श्रावणात आबकारीचे साहेब गोठ्यात आले. भोपाळकडचे, बोलायला गोड. ड्रमचं झाकण उचलून त्यांनी वास घेतला.

“माताजी, ये तो शराब है।”

मालूबाईने झाकण त्यांच्या हातातून घेतलं. “सिरका आहे, साहेब. कच्चा आहे अजून.”

साहेब हसले. “तो पकने दीजिए। ढक्कन हटाइए, कपड़ा बाँधिए। फिर आऊँगा, तब खट्टा होना चाहिए।”

तिने स्वतःच्या हाताने फडकं बांधलं. इतका चांगला ड्रम तिला कधी साधला नव्हता. डोळ्यांदेखत तो आंबट होत गेला.

“अब्रू वाचली, वंदनाची माय,” गिरधर म्हणाला.

“तुमची वाचली. माझी आंबली.”

पुढच्या वर्षी सरकारने कायदा सैल केला. फळांची वाईन आता लहान शेतकऱ्यालाही करता येणार, परवाना घेऊन. बुऱ्हाणपुरात बैठक लागली. मालूबाई पिशवीत दोन बाटल्या घालून निघाली. गिरधर मागोमाग आला, तिला आवरायला.

टेबलामागे तीन माणसं होती, मधे तेच साहेब. प्रत्येकाला आधी एकच विचारत होते: अनुभव है?

दारूच्या ठेकेदाराचा भाचा म्हणाला, “अनुभव नहीं सर, इंजिनियर ले आएँगे।” साहेबांनी मान डोलावली.

देडतलाईच्या सुकलालने दोन्ही कान पकडले. “राम राम! आमच्या घरात थेंबाला कोणी शिवलं नाही, साहेब.” त्यालाही मान डोलावली. सुकलालच्या हळदीला अख्खी देडतलाई पिऊन आडवी झाली होती. मालूबाई तिथं वाढायला होती.

तेव्हा तिला डाव कळला. अनुभव आहे म्हणावं तर कायदा बदलायच्या आधीचा गुन्हा कबूल होतो. नाही म्हणावं तर परवाना मिळतो. म्हणजे ज्याला येतं त्याने बाहेर जायचं, आणि ज्याला येत नाही त्याने गाळायची! गिरधरने मागून पदर ओढला. “नाही म्हण. एकच शब्द आहे.”

“अनुभव?” साहेबांनी विचारलं.

“आहे. वंदना पाचवीत होती तेव्हापासून. आता तिला लेकरू झालं.”

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवला. “माताजी, सोच के बोलिए। आपके यहाँ तो सिरका था।”

“खोटं बोलले होते. भ्याले होते.” तिने दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. “ही झाकणाची. ही फडक्याची, तुम्ही आंबवायला लावली ती. एकाच बागेची केळी. चाखून बघा, मी कुठं थांबायचं ते मला कळतं की नाही.”

“केस बनेगा।”

“बनवा! पण नीट लिहा. ‘अवैध द्रव’ असलं काही चालणार नाही. लिहा, केळीची वाईन, चांगली झालेली, मालूबाई गिरधर महाजन हिच्या हातची, इतक्या वर्षांपासूनची. खाली सही आणि शिक्का, त्या परदेशी सफरचंदाच्या टिकलीसारखा.”

“क्यों?”

“सरकारच लिहून देतंय ना, की मला येतं? दुसरा कुठला अनुभव दाखवू तुम्हाला?”

ठेकेदाराचा भाचा मोबाइलमध्ये बघायचं सोडून तिच्याकडे बघू लागला. शेजारच्या अधिकाऱ्याने साहेबांच्या कानात काही सांगितलं. साहेबांनी मान हलवली, बाटली उचलली, उजेडात धरली. चाखली मात्र नाही. मग कागद ओढून लिहायला लागले. केस न करण्याची वाट तिने बंद केली होती, आणि तेही तिला ठाऊक होतं.

“मलाही लिहा,” गिरधर म्हणाला.

मालूबाई गर्रकन वळली. “तुम्ही गप बसा हो!”

साहेबांनी वर पाहिलं. “आप पीते हैं?”

“माळ आहे, साहेब. आजवर थेंब नाही.”

“फिर?”

“केळी माझी होती.” तो टेबलाला येऊन भिडला. “गिरधर त्र्यंबक महाजन. लिहा.”

साहेबांनी दोन्ही नावं लिहिली. शाई वाळायच्या आत मालूबाईने हात पुढे केला.

“नक्कल द्या. परवान्याच्या अर्जाला जोडायची आहे.”

वंदना पाचवीत असतानाचा अगदी पहिला ड्रम सिरक्यासाठीच भरला होता. चिलटं फार झाली म्हणून त्याचं फडकं सोडून झाकण घट्ट बसवलं होतं ते गिरधरने.