जुळलेले आकडे

ह्यूरन सरोवरावरून येणारा वारा मे महिन्यातही अंगाला झोंबत होता, म्हणून कॅझने गॅरेजचे दार अर्धेच उघडे ठेवले होते. त्या अर्ध्या उजेडात सत्तर सालची शेव्हेल गाडी उभी होती. रंग विटलेला, चाकांवरच्या कमानींना गंज चढलेला. पण नाक अजून जमिनीकडे झुकवून, आत्ता धावायला सांगितले तर धावेल अशी. त्याचा जुना मित्र लिओन तिच्याकडे पाहत नव्हता. गेली अठ्ठावीस वर्षे तो तिच्याकडे सरळ पाहत नव्हता, आणि हे अजून कुणाच्या ध्यानात आले नव्हते, हेच त्याला अधिक सलत असे.

"गुरुवारी परीक्षक येतोय," कॅझ म्हणाला. "गाडी बघून सांगेल, पुन्हा कारखान्यातून निघाली तशी करता येईल का. तू काय म्हणतोस?"

"शर्यतीला काढ."

"बघ," दारात कॉफीचे मग घेऊन आलेली बर्निस नवऱ्याला म्हणाली, "मी सांगितलं होतं, हा हेच म्हणणार. वीस वर्षं एकच पाठ. लिओन, तुझं या गाडीशी काही वैर आहे का रे?"

"धावायलाच केलेली गाडी आहे ती, बर्निस."

"माझा नवराही एकेकाळी नाचायला केलेला होता. आता बघ." तिने ते टेबलावर ठेवले आणि ती हसत घरात गेली.

कॅझही हसला. त्याचा उजवा हात मगाच्या कानाशी गेला आणि कॉफी काठाशी डचमळली. ही थरथर हिवाळ्यात सुरू झाली होती. पुढच्या वर्षी गाडी चालवण्याची परवानगी राहील असे डॉक्टरांना वाटत नव्हते. जे ठरवायचे ते याच उन्हाळ्यात ठरवायचे होते: एकेक स्क्रू मूळचा लावून गाडी प्रदर्शनात मांडायची, की शनिवारच्या शर्यतीत पाव मैलाच्या पट्टीवर तिला मनसोक्त पळवायची.

"मला पळवावीशी वाटते, खोटं कशाला बोलू," कॅझ म्हणाला. "पण ये इकडे." त्याने बॉनेट उचलले, खिशातले फडके काढले आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेली बोटभर लांबीची सपाट जागा पुसली. तिच्यावर आकडे ठोकलेले होते. तेच आकडे समोरच्या काचेखालच्या पाटीवरही होते. "जन्मापासूनचं काळीज आहे हे. अशा किती गाड्या उरल्यात? हे पट्टीवर फुटलं तर दुसरं कुठून आणू?"

पाहुणा कोणीही येवो, कॅझ हे करीत असे. आणि दर वेळी लिओन भिंतीवरची हत्यारे मोजू लागे. आज मात्र त्याची नजर त्या आकड्यांवर गेली. शेवटचा सात किंचित डावीकडे कलला होता. तो कुणाच्या हातून कलता ठोकला गेला, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिओन बावीस वर्षांचा होता, सिमेंटच्या कारखान्यात लेथवर नुकताच लागलेला. कॅझ खनिज वाहणाऱ्या जहाजावर होता आणि गाडीची किल्ली त्याच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेली होती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी लिओनने ती न विचारता उचलली. पट्टीवर पहिले दोन गिअर सुरेख पडले. तिसऱ्यातून चौथा टाकताना दांडा दुसऱ्यात गेला. इंजिन झेपेना इतके फिरले आणि फुटले. तो आवाज आजही कधी कधी बर्निस ताटे आपटून ठेवते तेव्हा लिओनला ऐकू येतो. मग झाडावर आदळलेल्या एका स्टेशन वॅगन मोटारीचे तसेच इंजिन त्याने मिळवले, तिचे आकडे घासून काढले आणि कारखान्यातल्या ठशांनी कॅझच्या गाडीचे आकडे ठोकले. कॅझ परतला तेव्हा गाडी नेहमीसारखी घुमत होती.

एवढेच असते, तर लिओनने ते केव्हाच पचवले असते. पण त्याच हिवाळ्यात कॅझने लग्न केले, जहाज सोडले आणि तो किनाऱ्यावरच्या धक्क्यावर नोकरीला लागला. दर शनिवार मोकळा झाला. आणि नेमके तेव्हाच त्याने कुठेसे वाचले, की मूळ इंजिनाच्या गाड्या दुर्मिळ होत चालल्या आहेत. त्या दिवसापासून त्याने गाडी पट्टीवर नेली नाही. शनिवारी तो तिथे जाई, लाकडी पायऱ्यांवर बसे आणि इतरांच्या गाड्या पाही. जे उरलेच नव्हते ते जपत त्याने आपली सगळी उमेद त्या पायऱ्यांवर बसून घालवली, आणि लिओन कितीदा तरी त्याच्या शेजारी बसून ते पाहत राहिला.

"बोल ना," कॅझ म्हणाला. "लेथवर जन्म गेलाय तुझा. तू म्हणशील ते करू. परीक्षकापेक्षा माझा तुझ्यावर भरवसा आहे."

भरवसा हा शब्द त्याने सहज उच्चारला होता. परीक्षक गुरुवारी येणार, भिंग काढणार. मोटारीच्या कारखान्यातल्या यंत्राने त्या जागेवर उमटवलेल्या बारीक समांतर रेषा शोधणार, आणि त्या तिथे नसणार. पण लिओनला भीती परीक्षकाची वाटेना. शर्यतीचा आग्रह धरून आपण कॅझला त्याचा आनंद परत देत आहोत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरे तर तो पुरावाच पळवून लावत होता: शर्यतीच्या गाडीचे आकडे कुणी भिंग लावून पाहत नाही.

"त्या जागेवर रेषा नाहीत, कॅझ."

"कसल्या रेषा?"

"कारखान्याच्या. मी घासल्या त्या. आकडे मी ठोकलेत." पुढचे सारे त्याने खाली फरशीवरच्या तेलाच्या डागाला सांगितले: किल्ली, पट्टी, वॅगन, सात.

बाहेर कुणीतरी हिरवळ कापत होते. ते यंत्र थांबले, पुन्हा सुरू झाले.

"कितव्या गिअरला?" कॅझने विचारले.

"तिसऱ्यातून चौथा टाकताना."

"दुसऱ्यात गेला."

"हो."

"मुठीत धरला असशील. तुला सांगितलं होतं, दांडा मुठीत धरायचा नाही. उघड्या तळव्याने सरळ मागे ओढायचा, मग तो आपली वाट आपण शोधतो." त्याने फडके खिशात कोंबले. "मी त्या पायऱ्यांवर शेंगदाणे खात बसायचो, लिओन. तू माझ्या पुड्यातले खायचास."

"हो."

लिओनला वाटले, याने आता शिवी द्यावी, कॉफीचा मग फेकून मारावा. कॅझने तसे काही केले नाही. त्याने भिंतीवरची कानस काढली. ती त्याने लिओनपुढे धरली.

"घास ते."

"कॅझ..."

"माझ्या गाडीवर खोटं नको. तूच लिहिलंस, तूच पूस."

लिओन वाकला. कानस पहिल्यांदा सातावर फिरली. लोखंडाची बारीक, चमकदार भुकटी इंजिनावर सांडू लागली आणि आकडे एकेक करून पुसट होत गेले. कामाची सवय असलेल्या हातांना ते जड गेले नाही; हेही त्याला लाजिरवाणे वाटले.

बॉनेटपलीकडे गाडीचे दार उघडले. कॅझ स्टिअरिंगसमोर बसला होता.

"परीक्षकाला येऊ नको म्हणून कळवतो," तो आतून म्हणाला. "शनिवारी मी चालवणार."

"आणि मी?"

"तू वर पायऱ्यांवर बसायचंस, माझ्या जागेवर. शेंगदाणे स्वतःचे आणायचे."

त्याने उजव्या हाताची बोटे पसरली आणि उघडा तळवा दांड्यावर टेकवला. हात थरथरत होता. त्याने तो तसाच सरळ मागे ओढला, आणि दांडा चौथ्यात गेल्याचा हलका खट् आवाज कानस धरून उभ्या असलेल्या लिओनला ऐकू आला.