बाहरी व्यक्ती

पोलीस ठाण्याचा आदेश हिंदीत होता, एका पानाचा. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या सर्व 'बाहरी' व्यक्तींची माहिती तीन दिवसांत द्यावी. बाहरी म्हणजे कोण, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. घराबाहेरचा, शहराबाहेरचा, की राज्याबाहेरचा?

१९८८ साल होतं. मी आणि जयंत चंदीगडच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. मी वाईचा, तो अमरावतीचा. आठ दिवसांपासून निर्मलजीत आमच्याकडे उतरला होता. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचं गाव तरनतारनजवळ, पंजाबातल्या दहशतवादानं पेटलेल्या पट्ट्यात. गुरुवारी दहाला त्याची फेलोशिपची मुलाखत होती आणि बसचा भरवसा नव्हता, म्हणून तो आधीच आला होता.

'शहराबाहेरचा' हाच अर्थ त्यातल्या त्यात नेमका, असं ठरवून मी तिघांची नावं लिहिली.

"पाहुण्याचं नाव कशाला घालतोस?" जयंत म्हणाला. "गप्प बस की!"

पण अर्धवट माहितीखाली सही करणं मला जमत नाही.

ठाण्यात हवालदार मेहरचंद यांनी यादी वाचली आणि आमची दोन नावं लाल पेन्सिलीनं खोडली.

"आम्हीपण बाहेरचेच आहोत," मी हिंदीत म्हणालो. "या शहरात बाहेरचं कोण नाही? तुम्ही कुठले?"

"हमीरपूर, हिमाचल." ते हसले. "साइंटिस्ट साहेब, अक्षर नको, मतलब बघा. मराठ्यांची माहिती घेऊन सरकार काय करणार?"

"मग मतलबच बघा. निर्मलजीत पाहुणा आहे. आदेश राहणाऱ्यांसाठी आहे."

"रात्री झोपतो कुठे?"

"आमच्याकडे."

"म्हणजे राहतो. लिहिलंय ते लिहिलंय, जी."

त्यांनी दुसरा फॉर्म काढला. एकतीस प्रश्न. भाऊ किती, मामाचं गाव कुठलं, अंगावर खुणा कोणत्या.

"यातलं काहीच आदेशात नाही," मी म्हणालो.

"'माहिती' लिहिलंय ना? मग ही काय आहे? गुरुवारी दहाला त्याला इथे पाठवा."

"दहाला त्याची मुलाखत आहे."

"आमचीही मुलाखतच आहे."

वेळ बदलून मिळावी म्हणून मी बुधवारी अर्ज नेला. तो कोणी हातातसुद्धा घेतला नाही.

गुरुवारी सकाळी निर्मलजीत शर्टाला इस्त्री करत होता. मी आदेश त्याच्यासमोर धरला. "हजर राहा असं यात कुठेही नाही. लेखी समन्स नाही. तू सरळ मुलाखतीला जा."

"यार, हे तुझ्यासाठी खरं आहे," तो म्हणाला. "मी नाही गेलो, तर ते गावी माझ्या भावाला उचलतील."

"मग मी येतो तुझ्याबरोबर."

"तू नकोच. तू पुन्हा कशाचा तरी अर्थ विचारशील."

लवकर सुटलो तर तिथूनच मुलाखतीला जाईन म्हणत त्यानं प्रमाणपत्रांची फाइल बगलेत मारली आणि तो ठाण्याकडे निघाला. संध्याकाळी सहाला परत आला तेव्हा शर्टाची इस्त्री मोडली होती. तो बॅग भरायला लागला. जयंतनं चहा ठेवला. मी काही विचारलं नाही.