हवा परत येते ते पान

बायंडिंगच्या त्या कारखान्यात पुस्तकं वाचायला मनाई होती. तशी पाटी कुणी लावली नव्हती, पण आबांचा शब्द म्हणजेच पाटी. खाली कारखाना, वर घर, आणि दोन्हीकडे आबांचंच राज्य. त्यांचं म्हणणं असं, की बायंडर वाचायला लागला की हात थांबतात आणि हात थांबले की खळ वाळते. तेव्हा पुस्तक आलं की त्याचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, आकड्यांप्रमाणे ओळीने लावायच्या, शिवायच्या, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. आत कोण मेलं नि कोण पळालं, आपल्याला काय करायचंय? कुणी चुकून एखाद्या पानावर रेंगाळलंच तर आबा चष्म्यावरून बघत नि म्हणत, "आले, वाचक आले." तेवढ्यावर माणूस सुतासारखा सरळ होई.

अशा घरात धाकटी सून आली ती बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन. त्यातली बरीचशी पुढे इकडेतिकडे गेली. दोन मात्र तिने जिवापाड सांभाळली. दोन्ही विज्ञानकादंबऱ्या होत्या, एकाच मालेतल्या, एकाच आकाराच्या, कागदसुद्धा सारखाच पिवळा पडलेला. घरात त्यांना नावं पडली होती: घुमटाचं पुस्तक आणि समुद्राचं पुस्तक. घुमटाच्या पुस्तकात एका गोठलेल्या चंद्रावर काचेच्या घुमटाखाली वसलेलं गाव होतं, आणि त्या गावाची हवा सांभाळणारी एक मेकॅनिक बाई. समुद्राच्या पुस्तकात बर्फाखाली वाट चुकलेली पाणबुडी होती, आणि तिच्यात एकमेकांशी उठता-बसता भांडणारी माणसं. दोन्ही किती वेळा वाचली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळभर ती खाली बसून फर्मे शिवायची. दुपारी तान्ह्या लेकीला, पिटूला, झोपवायला वर आली की एका पायाने पाळणा हलवत वाचायची. जिन्यावर पाऊल वाजलं की पुस्तक लंगोटांच्या ढिगाखाली.

पण जाऊबाईंपासून काही लपत नसे. जाऊबाई शाळेत शिकवायच्या. त्यांना वाचनाचं वावडं नव्हतं, उलट नव्यातलं नवं पुस्तक आधी त्यांच्या हातात असायचं आणि ते संपलं की त्या त्यावर मुद्देसूद बोलायच्या. त्यांना धाकटीचं हे दळलेलंच दळणं कळेना. लंगोटांखालचं पुस्तक अचूक ओढून काढत त्या विचारायच्या, "काय गं, या खेपेला तरी शेवट बदलला का?" शिवाय म्हणायच्या, की आता आई झालीस, जरा मोठ्या माणसांची पुस्तकं वाच. धाकटी नुसती हसायची.

न सांगितलेलं एवढंच होतं, की पिटू जगात आली ती घाईघाईने, श्वास घ्यायला शिकण्याआधीच. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आई पेटीबाहेर स्टुलावर. मुठीएवढी छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघायचं काम. डॉक्टर म्हणायचे बघू, नर्स म्हणायची बघू. पिशवीत घुमटाचं पुस्तक होतं. त्यात एका ठिकाणी घुमटाला तडा जातो, हवेचं यंत्र बंद पडतं, अख्खं गाव शाळेच्या एका खोलीत दाटीवाटीने बसतं आणि मेकॅनिक बाई बधिर झालेल्या बोटांनी गोठलेली झडप फिरवत राहते. मग पान उलटायचं. उलटलं की नळीतून आधी बारीक शिट्टी येते आणि शिट्टीमागून हवा. काचेच्या त्या पेटीशी बसून तिने ते पान इतक्यांदा उलटलं की त्याचा कोपरा गळून पडला. पुढे पिटू घरी आली, तिने बाळसं धरलं, गालाला खळी पडायला लागली. आईचा एक कान मात्र अजून तिच्या नाकाशीच असायचा.

अशा वाचनाने पुस्तकांचा पार चोथा झाला. शिवण उसवली, पानं लोंबायला लागली. एका सुट्टीच्या दिवशी जाऊबाईंनी वरची खोली आवरायला काढली आणि दोन्ही पुस्तकं सरळ कातरणीच्या पोत्यात टाकली. त्या पोत्यातला कागद लगद्यासाठी जायचा. धाकटीने पोतं उपडं केलं, पुस्तकं बाहेर काढली, अंगावरच्या कागदाच्या चिंध्या झटकल्या. आवाज चढवला नाही, पण बोलली. माझ्या पुस्तकांना पुन्हा हात लावायचा नाही, ताई. जिन्यावर आबा उभे होते. त्यांनी तिच्या हातातून दोन्ही पुस्तकं घेतली, वैद्याने नाडी बघावी तशी त्यांची पाठ चाचपली आणि ती खाली घेऊन गेले.

आबांचा हात अलीकडे थरथरायचा. शिवण त्यांनी केव्हाच दुसऱ्यांवर सोपवली होती. पण सुनेच्या पुस्तकांना ते स्वतः बसले. फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, दोन्ही पुस्तकांचे सगळे फर्मे लांब टेबलावर वाळत घातले, मग गोळा केले, शिवले, कडा कापून अशा गुळगुळीत केल्या की बोट घसरावं. घुमटाला निळं कापड, समुद्राला हिरवं. सगळं घर बघायला जमलं. नवरा तिच्या कानाशी लागून म्हणाला, की तुझ्यामुळे आबांनी पुन्हा सुई हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने निळं पुस्तक उघडलं. घुमटाला तडा गेला. गाव शाळेच्या खोलीत जमलं. बाईची बोटं झडपेवर गेली. तिने पान उलटलं, आणि पुढच्या पानावर पाणबुडीतला आचारी साखर कुणी संपवली म्हणून सगळ्यांच्या नावाने खडे फोडत होता.

आधी ती हसली. मग पानं भराभर चाळली आणि हसू गेलं. हिरवं पुस्तक उघडलं तर तिथे पाणबुडीवाल्यांच्या भांडणाच्या मध्येच शिट्टी वाजून हवा आली होती.

आकडे बरोबर होते, हीच तर गंमत. दोन्ही पुस्तकांची पानं एकापासून सुरू होणारी, पानांच्या माथ्यावर कुठेही पुस्तकाचं नाव नाही. आबांनी आकडा बघितला, एक फर्मा या ढिगावर ठेवला, एक त्या. दुसऱ्या कुठल्याही घरात एक ओळ वाचून चूक ध्यानात आली असती. या घरात ओळ वाचणार कोण?

तिने नवऱ्याला सांगितलं. तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला. आबांना सांगू नकोस म्हणाला, त्यांचं मन मोडेल. आणि आबांनी शिवलेलं आजवर कुणी उसवलेलं नाही. तुला तर सगळं तोंडपाठ आहे, मग अडलं कुठे? जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं, निदान आता काहीतरी नवीन वाचायला मिळेल. धाकटीने मान डोलावली. काही दिवस तिने दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन वाचूनही बघितली. झडपेपर्यंत निळं, मग ते खाली ठेवून हिरवं. जमत होतं तसं.

मग पिटूला सर्दी झाली. नाक चोंदलं, श्वास सुरसुर वाजायला लागला. तिला पाळण्यात ठेववेना. धाकटी तिला खांद्यावर टाकून खिडकीशी उभी राहिली. दुसऱ्या हातात निळं पुस्तक. घुमटाला तडा गेला, बाईची बोटं झडपेवर आली, आणि पुढचं पान खाटेवरच्या हिरव्या पुस्तकात. ते घ्यायला तिच्याकडे हात नव्हता. कानाशी पिटूचा श्वास अडखळत होता आणि झडप तिथेच अडकलेली.

तिला राग आला. आबांचा नाही, जाऊबाईंचाही नाही. आपण मान डोलावली, त्याचा.

ती तशीच खाली उतरली. खांद्यावर पोर, बगलेत दोन पुस्तकं. कारखाना भर कामात होता, नवरा कटिंग मशीनवर. तिने पुस्तकं आबांच्या टेबलावर ठेवली.

"आबा, ही उसवायची आहेत."

मशीन थांबलं. नवरा मागून हातवारे करत होता, तिकडे तिने बघितलं नाही.

"शिवण सुटली?"

"शिवण घट्ट आहे. फर्म्यांची अदलाबदल झालीय."

"आकडे बघून लावलेत मी."

"आकडे बरोबर आहेत. गोष्ट चुकलीय."

आबांचा चेहरा उतरला. जाऊबाई नुकत्याच शाळेतून येऊन दाराशी टेकल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, चंद्रावरच्या गोष्टीसाठी आबांची शिवण उसवणार? तेच ते वाचून तुला मिळतं तरी काय?

"नवीन काही मिळत नाही, ताई. मला नवीन नकोच आहे." तिने पिटूला खांद्यावर नीट घेतलं. "ही पेटीत होती तेव्हा हिचा श्वास चालू राहील की नाही, ते कुणी मला सांगू शकत नव्हतं. या पुस्तकात पान उलटलं की हवा येते. कधीही उलटा, येते. मला ते पान त्याच्या जागी हवंय. पोरकटपणा म्हणा, खूळ म्हणा. मी हे वाचणार, पुन्हा वाचणार, आणि लपून वाचणार नाही."

पिटू शिंकली.

आबांनी निळ्या कापडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, माझ्या हाताने मी उसवणार नाही. तुम्ही नकाच उसवू, ती म्हणाली, तुम्ही हिला धरा. आणि तिने पोर त्यांच्या मांडीवर दिली.

पुठ्ठे निघाले. एकेक दोरा कापताना बारीक टक् व्हायचं आणि आबांच्या कपाळावर आठी उमटायची. आकड्यांचा काही उपयोग नव्हता, म्हणून ती प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ वाचायची, तीही मोठ्याने, आणि घुमट डावीकडे, समुद्र उजवीकडे ठेवायची. हळूहळू बाकीच्या सुयाही थांबल्या. एका फर्म्याची ओळ झडपेपासून सुरू झाली, तेव्हा पिटूला थोपटता थोपटता आबा म्हणाले, "हा घुमटाचा."

"नाही, समुद्राचा. पाणबुडीलाही झडपा असतात, आबा."

"मग पुढे वाच की. एका ओळीत कसं कळणार माणसाला?" आबा करवादले.

तिने पुढे वाचलं. जाऊबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, पण बसल्या नाहीत.

घुमटाचं पुस्तक तिने स्वतः शिवलं. दोरा सैल पडलाय, आबांनी सांगितलं. पडू दे, ती म्हणाली. पुठ्ठा चढवायचा राहिलाय, इकडे दे, आबा म्हणाले. नंतर, ती म्हणाली. मग तिने झोपलेली पिटू उचलून खांद्यावर घेतली, आपल्या स्टुलावर बसली, आणि अर्धवट कामं समोर पडलेली असताना, भर कारखान्यात, एका हाताने ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.

नवरा आबांकडे बघायला लागला. जाऊबाईही. आबांनी खळीचा ब्रश उचलला, समुद्राचे फर्मे पुढे ओढले आणि पहिल्या घडीला पट्टी लावायला घेतली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धाकटीने वर पाहिलं नाही. मेकॅनिक बाई नुकतीच घरातून कामावर निघाली होती.