एकादशीच्या दिवशी नानखटाई

"बाबा, काकांची नानखटाई आपल्यापेक्षा चांगली असते का हो?"

हा प्रश्न अंबिकाने गिऱ्हाइकं उभी असताना विचारायचा, आणि तोही खणखणीत आवाजात, अशी पैज होती. पैज लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी, बकुळ आणि गरिमा, दुकानाच्या पायरीवर तोंडावर ओढण्या धरून बसल्या होत्या. आदल्या दिवशी गरिमाच्या मोबाइलवर तिघींनी एक जपानी कार्टून पाहिलं होतं. त्यात समोरासमोर दोन बेकऱ्या, दोघींची स्पर्धा, आणि पावाचा एक घास घेताच परीक्षक रडत रडत थेट ढगांच्या पार. "अगं, ही तर तुमच्याच घरची गोष्ट!" बकुळ म्हणाली होती. "फक्त तुमच्याकडे कोणी उडत नाही."

बाबांच्या हातातली पावाची सुरी हवेतच थांबली. गिऱ्हाइकांनीही पिशव्या खाली ठेवल्या. बनारसमध्ये फुकटच्या तमाशाकडे पाठ फिरवायची पद्धत नाही.

"काकांची?" बाबा समोरच्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "मुन्शी घाटाची पायरी निखळली असेल तर न्यावी. बसेल बरोबर."

"लेकिन महाराज, बिकती तो खूब है," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"खपायला काय, गंगेचं पाणीसुद्धा खपतं! ते काय श्रीनिवास मोघ्यांनी बनवलं?"

श्रीनिवास मोघे म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीत एकाच आजोबांच्या एकाच बेकरीच्या दोन झाल्या, त्याला बरीच वर्षं झाली. अलीकडे बाबांची 'मोघे बेकरी', पलीकडे काकांची 'मोघे अँड सन्स'. लग्नानंतर उत्साहाच्या भरात काकांनी पेंटरला बोलावून हा बोर्ड करून घेतला. पेंटर वेळेवर आला, सन्स काही आले नाहीत. बोर्ड मात्र दर दिवाळीला नव्याने रंगतो. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यामुळे गल्लीत दोघांइतकं एकमेकांशी कोणीच बोलत नसेल.

पैज पैजेच्या जागी, पण अंबिकाला उत्तर खरंच हवं होतं. तिला भट्टीवर काम शिकायचं होतं. शाळेच्या वादविवादात ढाल मिळवल्यापासून तिला 'नाही' हा शब्द ऐकू येईनासा झाला होता, आणि बाबांकडे दुसरा शब्दच नव्हता. "तू गल्ल्यावर बस, पोरींचं काम नाही ते," एवढंच. गल्ल्यावर बसून पोरीचे हात पोळत नाहीत, फक्त डोकं पोळतं.

"मग उत्तर काय समजू?" तिने रेटलं.

सगळी गिऱ्हाइकं बाबांकडे पाहत होती. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माणूस एक तर खरं बोलतो किंवा मोठं बोलतो. बाबा मोठं बोलले. "गणेशोत्सवात मंडळाने नानखटाईची स्पर्धा ठेवलीय ना? होऊन जाऊ दे. मी जिंकलो की दुसऱ्या दिवसापासून तू भट्टीवर!"

"और हारे तो?" गिऱ्हाईक.

"तो प्रश्नच नाही!"

त्या क्षणापासून अंबिका बाबांची एवढी भक्त झाली, की आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

स्पर्धेचा रविवार उजाडला. अहिल्याबाई घाटाजवळच्या मंडळाच्या सभागृहात अख्खी मराठी बिरादरी लोटली होती. टेबलावर दोन ताटं, लाल फडक्यांखाली. मागच्या खिडकीत गंगा. कार्टूनमध्ये घास घेताच परीक्षकाच्या मागे धबधबा उसळतो. इथे तेवढी सोय आधीपासूनच होती. तिघी पहिल्या रांगेत बसल्या. परीक्षक उडाले तर नीट दिसावेत.

चिटणीस नरहरपंतांनी फडकी काढली. परीक्षक होते विश्वेश्वरशास्त्री, रेल्वेतून निवृत्त झालेले बिंदुमाधवराव आणि बँकेतल्या इंदूताई. तिघांनी ताटांकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग नरहरपंतांकडे.

"नरहरपंत," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "आज एकादशी."

घाटावरच्या नावाड्याची "बोट, बाबूजी?" ही हाक आतपर्यंत ऐकू आली.

गंमत अशी, की मंडळात निम्मे लोक पंचांग तोंडपाठ असलेले. दुसरं कोणीतरी पाहिलंच असेल, या खात्रीने एकानेही पाहिलं नव्हतं. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा उपास होता आणि सकाळी प्रत्येकाने साबुदाण्याची खिचडीही खाल्ली होती. पण ही खिचडी आज का खातोय आणि स्पर्धा कधी आहे, या दोन गोष्टी कोणाच्याच डोक्यात एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

"उद्या ठेवू या," नरहरपंत पुटपुटले.

"उद्या हॉल बारशाला दिलाय," कोणीतरी मागून म्हणालं.

"मग वासावर ठरवा," बाबा म्हणाले.

शास्त्रीबुवांनी बोट वर केलं. "घ्राणेन अर्धभोजनम्. वास घेतला की अर्धं जेवण झालं. म्हणजे अर्धा उपास मोडला."

"मग एका ताटाचा वास तुम्ही घ्या, एकाचा मी घेते," इंदूताई म्हणाल्या. यावर बरीच चर्चा झाली. दोन अर्धे उपास मिळून एक अख्खा मोडतो का, हा मुद्दा निघाला, आणि काशीत मुद्दा एकदा निघाला की तो घरी जात नाही.

अंबिकाला राहवेना. ती उठून उभी राहिली. "आमचा उपास नाही! आई म्हणते, शाळेत जाणाऱ्या मुलींना सूट असते. आम्ही तिघी खाऊन सांगतो."

शास्त्रीबुवा हसले, मोठी माणसं हसतात तसं. "बाळ, पोरींची जीभ प्रमाण मानायची? हा काय पोरखेळ आहे?"

ती आशेने बाबांकडे वळली. बाबांनी मान हलवली. "बस खाली."

पोरखेळ नसल्यामुळे मग पुढचं काम गांभीर्याने झालं. बिंदुमाधवरावांनी एक एक नानखटाई उचलून, आगगाडीची चाकं ठोकून पाहतात तशी टेबलावर ठोकून पाहिली आणि दोन्हींचा आवाज समाधानकारक असल्याचं जाहीर केलं. इंदूताईंनी बँकेच्या सवयीने दोन्ही ताटं मोजून टाकली. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. कोणीही उडालं नाही.

"दोघांनाही पहिला क्रमांक!" शास्त्रीबुवांनी निकाल दिला.

"हे मान्य नाही!" बाबा आणि काका एकदम ओरडले. कित्येक वर्षांनी दोन भावांचं एकमत झालं होतं; पण त्याला टाळ्या द्यायचं कोणाला सुचलं नाही.

लोक प्रमाणपत्रांवर भांडत असताना तिघींनी दोन्ही ताटांतल्या नानखटाया उचलल्या आणि घाटाच्या पायऱ्या गाठल्या. अंबिकाने आधी बाबांची खाल्ली. गोड, कुरकुरीत, लहानपणापासूनची. मग काकांची तोंडात टाकली.

ती तुटली नाही, विरली. आधी तूप, मग वेलची, मग अगदी शेवटी बेसनाचा खमंग भाजकेपणा. ना धबधबा, ना ढग. अंबिका फक्त गप्प बसली.

"अरे यार, ये चुप हो गई!" गरिमा किंचाळली. "इससे बड़ा चमत्कार क्या होगा!"

मागून सावली पडली. काका. हातात प्रमाणपत्राची सुरळी, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"कशी झालीय?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"तुम्ही काय करता यात?"

"आजोबा करायचे तेच. तूप हाताने फेसायचं, पांढरं होईपर्यंत. दंड भरून येतात. तुझ्या बाबाला कंटाळा, त्याने मशीन आणलं. मशीनला पांढरं कधी झालं ते कळत नाही."

"मला शिकवाल?"

काकांनी सुरळी काखेत मारली. "शिकवीन. पण घरी सांगून ये. चोरून आलीस तर कान धरून परत पाठवीन. माझ्या दारात तुझ्या बाबाशी भांडायला मला आणखी विषय नकोत."

घरी आल्यावर बाबांनी प्रमाणपत्र देवाशेजारी टेकवलं. 'विभागून' हा शब्द फुलांच्या हाराखाली झाकला जाईल अशा बेताने.

"झालं समाधान?" ते विजयी स्वरात म्हणाले. "मिळालं ना तुला उत्तर?"

"मग उद्या भट्टीवर?"

"छे! जिंकलो कुठे? बरोबरी झाली. शब्द म्हणजे शब्द."

आई राजगिऱ्याच्या वड्या घेऊन बाहेर आली आणि अंबिकाचा चेहरा बघून ताट हातात धरूनच उभी राहिली. वादविवादात ढाल घ्यायला जाताना पोरीचा चेहरा असाच होता.

"उत्तर मिळालं बाबा," अंबिका म्हणाली. "दोन्ही ताटांतलं खाल्लेली मी, बकुळ आणि गरिमा, एवढ्याच. बाकी सगळ्यांचा उपास होता. काकांची चांगली आहे. पुष्कळ चांगली आहे."

बाबांनी तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्यातून 'नाही' निघाला नाही.

"आई, तूही ऐक. उद्यापासून शाळा सुटली की मी काकांच्या भट्टीवर जाणार. ते म्हणाले, सांगून ये, म्हणून सांगतेय; विचारत नाहीये. बोर्डावर 'अँड सन्स' लिहिलंय, आणि ती जागा इतकी वर्षं रिकामीच आहे."