अक्षरांचं लाळेरं

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक भिंतींना टेकले, भिंती संपल्यावर खिडक्यांत चढून बसले. मंचावर लाकडी चौकटीत ताणून बसवलेलं पांढरंशुभ्र कापड होतं आणि त्यावर काळ्या रंगात सगळी बाराखडी. शेजारी हातवाले बाबा उभे होते. जन्मात ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, अशाचं मनगट बाबा हलकेच धरत आणि त्याचं बोट अक्षराअक्षरावर फिरून बोलू लागे.

"आत्मा मुका नसतो!" बाबा गरजले. "मुकं असतं ते शरीर! मी कोण? मी नुसती टेलिफोनची तार!"

तार चांगलीच गुटगुटीत होती आणि तिनं रेशमी झगा घातला होता.

आज चाकांच्या खुर्चीत राजा बसला होता. वय पन्नास. जन्मताना मेंदूला इजा झालेली. मान ठरत नाही, हात ऐकत नाहीत, बोलता येत नाही. बाबांनी त्याचं मनगट धरलं. बोट सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. बाबांचा शिष्य मोठ्यानं वाचू लागला, "ता... ई..."

पहिल्या रांगेत त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, तोंड ओंजळीत झाकलं.

आई गेली तेव्हा ताई सोळाची होती आणि राजा आठ वर्षांचा. तेव्हापासून बेचाळीस वर्षं ती शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं घरी आणून करत होती, कारण राजाला एकटं सोडता येत नसे. दोन स्थळं तिनं स्वतःच परतवली. रोज पहाटे चूल पेटवण्याआधी हात जोडून ती एकच मागणं मागे, 'देवा, एकदा त्याची हाक ऐकव.'

"तु-झं आ-यु-ष्य मा-झ्या-पा-यी गे-लं. मा-फ क-र," शिष्यानं वाचलं. सभागृह रडलं. ताई तर हमसून रडली.

एकच गोष्ट तिला किंचित खुपली. राजा अक्षरांकडे बघत नव्हता. तो वर छताच्या पंख्याकडे बघत होता. पण आत्म्याला डोळे कशाला लागतात? हा खुलासा बाबांनी केला नाही, ताईनंच स्वतःला करून दिला.

तिसऱ्या खेपेला राजाचं बोट म्हणालं, 'मला बाबांपाशी राहायचंय.' बाबांनी लगेच जाहीर केलं, महिनाअखेरीला राजा मठात दाखल होईल आणि 'बोलका संत' म्हणून जगाला उपदेश करील. चौथ्या खेपेला बोट म्हणालं, 'मला मंतरलेलं पाणी पाजा.'

"बाबा, त्याला पातळ पाणी चालत नाही," ताई चाचरत म्हणाली. "श्वासनळीत जातं. मी पाण्यात पिठी शिजवून दाट करते, मग चमच्यानं..."

"बाई, तुमचा भाऊ स्वतः मागतोय! बेचाळीस वर्षं तुमच्या मनाचं केलंत. आज तरी त्याचं ऐका!"

सगळे तिच्याकडे बघत होते. ताईनं स्वतःच्या हातानं पेला उचलला आणि राजाच्या ओठांना लावला.

दुसऱ्या घोटाला त्याचे ओठ निळे पडले.

राजा अकरा दिवस रुग्णालयात होता. फुप्फुसात पाणी, ताप एकशेचार, छातीतून फुटक्या भात्यासारखा आवाज. नर्सबाई फटकळ होत्या. "पातळ पाणी कुणी पाजलं?"

"मी. पण त्यानंच मागितलं."

"कसं?"

ताईनं सगळं सांगितलं. नर्सबाईंनी सलाईनची बाटली नीट केली आणि विचारलं, "तेव्हा तो बघत कुठं होता?"

ताईनं मान वर केली. नर्सबाईंच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि राजा त्याच्याकडे बघत होता.

"हात द्या इकडं. मिटा डोळे," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी ताईचं मनगट धरलं आणि तिचं बोट पलंगाच्या चादरीवर कुठं कुठं टेकवलं. "सांगा, काय लिहिलंत?"

"मी कुठं लिहिलं? मी हात सैल सोडला होता."

"तोही सोडतो. त्याला दुसरा इलाजच नाही. लिहितो तो मनगट धरणारा. कधी कधी धरणाऱ्यालाही कळत नाही की आपणच ढकलतोय. पण तुमच्या बाबाला कळतंय की नाही, ते तपासता येईल."

त्या रात्री ताईनं हात जोडले. 'देवा, तुझ्याशी माझं भांडण नाही. फक्त या माणसाला माफ करायची बुद्धी मला इतक्यात देऊ नकोस.'

महिनाअखेरीला ती राजाला आणि नर्सबाईंना घेऊन सभागृहात शिरली. पिशवीतून आईचा फोटो तिनं मुद्दाम अर्धा बाहेर ठेवला होता. शिष्यानं तो पाहिला. शिष्य बाबांच्या कानाला लागला. ताईनं तेही पाहिलं.

"बाबा," ती गोड आवाजात म्हणाली, "लोक नाही नाही ते बोलतात. आज त्यांची तोंडं बंद करा. तुम्ही बाहेर थांबा, मी राजाच्या हातात एक वस्तू देते. मग तुम्ही आत या, तो सांगेल."

बाबांनी हसून मान डोलावली. नर्सबाई त्यांना आणि शिष्याला दाराबाहेर घेऊन गेल्या. ताईनं पिशवीतून लाल दोऱ्याचं लाकडी रीळ काढलं, सगळ्यांना दाखवलं, राजाच्या मुठीत दिलं आणि मिनिटभरानं परत पिशवीत टाकलं. "कुणी खूण करायची नाही. आपल्याला चमत्कारच बघायचाय ना?"

बाबा आले. मनगट धरलं. "आ-ई-चा फो-टो!" शिष्य ओरडला. बाबांचे डोळे भरून आले. "लेकराला आई भेटली हो!"

कुणी टाळी वाजवली नाही. खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं रीळ वर धरलं.

बाबा क्षणभरच गडबडले. "आत्म्याला रीळ दिसत नाही! आत्म्याला आई दिसते!" चार-दोन माना डोलल्या.

"बरं," ताई म्हणाली. "म्हणजे लिहायला डोळे लागत नाहीत?"

"मुळीच नाही!"

"आणि तुम्ही नुसती तार?"

"नुसती तार!"

"मग तारेला कशाला हवेत डोळे?" तिनं दुहेरी अस्तर लावून शिवलेली काळी पट्टी काढली आणि बाबांच्या डोळ्यांवर करकचून बांधली. काजं-बटणं करणारीची गाठ ती, सुटणारी नव्हती. नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवून शिष्याला गप्प केलं आणि आवाज न करता चौकट वरची बाजू खाली करून उलटी केली.

बोट फिरू लागलं. आता सगळं सभागृह वाचत होतं, "ढ... णू... खै..." मग बोट कोऱ्या कापडावर आलं, मग लाकडावर, मग हवेत. लोक पोट धरून हसत होते. ताईला तिथंच थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

"लिहा बाबा, लिहा. राजाला अजून खूप बोलायचंय."

झगा घामानं चिंब होईपर्यंत तिनं त्यांना लिहायला लावलं. मग पट्टी सोडली आणि चौकट सुलटी केली. दारात नर्सबाई रुग्णालयाचा अहवाल घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी पोलीस ठाण्याचा हवालदार.

"आता तुमच्या बोटानं लिहा," ताई म्हणाली. "तुमचं मनगट कुणी धरणार नाही."

बाबांनी हवालदाराकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. बोट अक्षरांकडे निघालं. लोकांनी एकसुरात वाचलं, "मी... ढ-क-ल-त... हो-तो."

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा लिहिलं.

मग ताई गर्दीकडे वळली. "पेला मीच उचलला होता. यानं मला फसवलं, पण त्याआधी पंख्याकडे बघायचं मीच टाळलं होतं. देवाला हात जोडा, मीही रोज जोडते. पण चमत्कार दाखवणारा भेटला की डोळे उघडे ठेवा. तपासू द्या म्हणा. रागावला, तर समजून जा. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, घरी जाऊन एकमेकांचं मनगट धरून बघा."

खटला संपल्यावर ताईनं रीतसर अर्ज करून ते बाराखडीचं कापड मागून घेतलं. धुतलं, बेतलं आणि राजासाठी चार लाळेरी शिवली.

एक दिवस शिष्य निरोप घेऊन आला. तुरुंगातून बाबा क्षमा मागत होते. ताई राजाला दाट पेज भरवत होती. हवं असेल तर राजा डोळे मिटतो, पुरे झालं की जीभ बाहेर काढतो. हे त्याचं बोलणं तिला बेचाळीस वर्षं येत होतं.

"काय रे राजा, करायचं का माफ?"

राजा पंख्याकडे बघत होता. लाळेची धार हनुवटीवरून ओघळून 'क्ष'वर पसरली.

"तो काही बोलला नाही," ताई शिष्याला म्हणाली, "आणि त्याच्या वतीनं मी बोलणार नाही. माझं विचारशील, तर नाही."

आणि तिनं पुढचा चमचा भरला.