शेवटच्या पॉइंटला मला लेन्स नव्हती

मी कॅमेरा बोलतोय. खरं तर कॅमेऱ्याने बोलू नये, बघावं. पण गेले दोन महिने माझ्या तोंडावर लेन्सऐवजी प्लास्टिकचं काळं झाकण आहे, आणि लेन्सशिवाय मला काही दिसत नाही. बघणंच बंद झाल्यावर बोलण्याखेरीज उरतं काय? तेव्हा माझी तक्रार ऐकून घ्या.

माझी जात मिररलेस. जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा, माझ्यात नाही. लेन्समधून आलेला उजेड थेट माझ्या पडद्यावर पडतो. लेन्स म्हणजे माझा डोळा, आणि तो काढता-घालता येतो. कारखान्यात हा माझा मोठा गुण मानला गेला. दुकानदारही माझ्या मालकांना छाती फुगवून म्हणाला, "साहेब, याला कितीतरी लेन्स बसतात!"

त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं.

माझे मालक रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, हे त्यांचं काम. त्या यंत्रावर एका फिरत्या चकतीला चार भिंगं असतात. चकती खट् फिरवली की भिंग बदललं. लहान पेशीला हे, मोठीला ते. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की प्रत्येक गोष्ट बघण्याचं एकच अचूक भिंग असतं आणि ते शोधल्याशिवाय बघायला सुरुवात करू नये.

माणूस वाईट नाही हो. मला घेतलं तेही लेकीसाठी. सतरा वर्षांची मुलगी, बॅडमिंटन खेळते. कोर्टवर इतकी गरगर फिरते की घरात तिला सगळे भिंगरीच म्हणतात. त्या हंगामात तिच्या मोठ्या स्पर्धा होत्या. एके दिवशी तीच म्हणाली, "बाबा, माझा खेळतानाचा एकसुद्धा धड फोटो नाही. नुसते बक्षीस घेतानाचे आहेत, तेही डोळे मिटलेले."

दुसऱ्याच दिवशी मालक दुकानात. माझ्यासोबत डब्यात एक साधी लेन्स मिळत होती, ती त्यांनी नाकारली. कारण त्यांचे मित्र. ते जवळच्या इस्पितळात एक्स-रे काढतात आणि कॅमेऱ्यांवर अधिकारवाणीने बोलतात. "अरे, ती कामचलाऊ लेन्स आहे," ते म्हणाले होते. "लेन्सशिवाय नुसती बॉडी घे. लेन्स नीट विचार करून घेऊ."

झालं. मी आंधळाच घरी आलो.

पुढचे तीन महिने विचार चालला. फ्रिजवर चुंबकाने एक मोठा कागद लावला गेला, हे मला घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. डावीकडे लेन्सची नावं, वर त्यांचे गुण, मधे टिकमार्क, खाडाखोड, प्रश्नचिन्हं. दूरचं जवळ आणणारी हवी, की जवळची पण जास्त उजेड घेणारी? वजनाला किती? हात हलला तर सांभाळून घेईल का? जेवताना मालक फोनवर लेन्सच्या परीक्षणांचे व्हिडिओ बघत आणि मधेच उठून कागदावर काहीतरी खोडत. फ्रिजमधलं दूध घ्यायला गेलेली भिंगरी त्या कागदाला नाक लागेल इतकी जवळ उभी राही, आणि मान हलवून निघून जाई.

भिंगरीची आई एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आमच्याकडे असे काही वाचक येतात. सगळी पुस्तकं चाळतात, माझा सगळा दिवस खातात, आणि एकही घरी नेत नाहीत."

"चुकीची घेतली तर डोक्याला ताप," मालक म्हणाले.

"आणि घेतलीच नाही तर?"

यावर मालकांनी व्हिडिओचा आवाज वाढवला. दरम्यान भिंगरी चार सामने खेळून आली. त्यातले तीन जिंकली. मी कपाटात होतो.

अखेर एक लेन्स आली. मुठीत मावेल एवढी, हलकी. उजेड भरपूर घेणारी, पण एकाच अंतराची. दूरचं जवळ आणणं तिला जमत नसे. मला मात्र ती फार आवडली. तीन महिन्यांनंतर पहिल्यांदा जे दिसलं, ते म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि काचेवरचा बोटांचा ठसा. तो ठसासुद्धा मी डोळे भरून पाहिला.

माझ्या पहिल्या सामन्यात हॉलमधल्या पिवळट दिव्यांतही मी छान पाहिलं. अडचण एकच झाली. भिंगरी कोर्टच्या पलीकडच्या बाजूला गेली की फोटोत मुंगीएवढी येई.

"बघ, म्हटलं नव्हतं?" एक्स-रेवाले म्हणाले, जरी त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. मग त्यांनी आपली स्वतःची मोठी झूम लेन्स वापरायला दिली. ती दंडाएवढी लांब आणि विटेएवढी जड होती. ती लावली की मी तिच्या मागे लोंबकळतोय असं वाटे. पलीकडच्या टोकाची भिंगरी तिच्यातून अशी दिसायची की कपाळावरचा घाम मोजावा. पण बॅडमिंटनमध्ये खेळाडू बाजू बदलतात. अलीकडे आली की त्याच लेन्समध्ये भिंगरीचा नुसता कान, नाहीतर बुटाची नाडी.

म्हणून मालकांनी दोन्ही लेन्स पिशवीत ठेवल्या. ती अलीकडे असली की छोटी, पलीकडे गेली की मोठी. दर वेळी माझा डोळा उपटायचा आणि दुसरा खोचायचा. उघड्या पडद्यावर धूळ बसे ती वेगळीच. मालक सगळा वेळ मान खाली घालून पिशवीत. शेजारचे टाळ्या वाजवायचे, आणि हे विचारायचे, "काय झालं? कोणाचा पॉइंट?"

कोर्टवरून भिंगरी अधूनमधून आमच्याकडे बघत असे. मी बघितलंय ते, लेन्स लावलेली असताना. पॉइंट जिंकला की तिची नजर सरळ आमच्या रांगेत यायची. तिथे तिला काय दिसत असेल? वडिलांचं टक्कल.

मग उपांत्य सामना आला. साधा सामना नव्हता. अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या दोघी मुलींना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळणार होता, राहण्याखाण्यासकट. हरलेल्यांना काही नाही. म्हणजे भिंगरीचं पुढचं सगळं त्या सामन्यावर होतं, आणि समोरची मुलगी तिच्याहून वीतभर उंच.

पहिला गेम भिंगरीने घेतला, दुसरा गमावला. तिसऱ्यात अकरा गुणांवर बाजू बदलली आणि ती पलीकडे गेली. मालकांनी मला मोठी लेन्स चढवली. गुण वीस-एकोणीस झाले. एक पॉइंट मिळाला की सामना भिंगरीचा. ती टॉवेलने तोंड पुसत होती. लेन्समधून मला त्या टॉवेलचा धागान्‌धागा दिसत होता. मी तयार होतो. कॅमेऱ्याचा जन्म अशाच क्षणासाठी असतो.

आणि मालकांच्या मनात विचार आला.

तो मला त्यांच्या पुटपुटण्यातून कळला. "जिंकली की ती धावत इकडे येईल... या लेन्समध्ये नुसतं नाक येईल... छोटी लावून ठेवावी. वेळ आहे, ती अजून पुसतेय."

अहो, नका! मला ओरडता आलं असतं तर हॉल हलला असता. पण खट् आवाज झाला आणि मोठी लेन्स निघाली. समोरचं सगळं विरघळलं. लेन्स नसली की मला अंधार दिसत नाही, तसं झालं असतं तर बरं. दिसतं ते पिवळट धुकं. त्यात ना कोर्ट, ना माणूस. मालकांनी छोट्या लेन्सचं मागचं झाकण काढलं, ते हातातून सटकलं आणि खुर्चीखाली घरंगळत गेलं. मालक ते शोधायला वाकले. मी त्यांच्या मांडीवर आ वासून पडलो होतो.

तेवढ्यात सर्व्हिस झाली.

मला फक्त आवाज आले. रॅकेटचे फटके, एक, दोन, पाच, अकरा. बुटांची करकर. कोणीतरी "अरे बापरे!" म्हणालं. मग कोणीतरी जमिनीवर दणकन आपटल्याचा आवाज, एक हलकासा टप्, आणि सगळा हॉल उठून ओरडू लागला.

पुढचं मी नंतर घरात ऐकलं: मालकांनी झाकण हातात धरून डोकं वर काढलं, तेव्हा भिंगरी नेटजवळ पालथी पडली होती आणि रॅकेट हवेत धरून हसत होती. तिने आमच्याकडेच पाहिलं. मालक तिला दिसले ते खुर्चीखालून बाहेर येताना.

ती धावत आली नाही.

बाहेरच्या पायऱ्यांवर ती पाण्याची बाटली घेऊन बसली होती. गुडघा सोलला होता.

"जिंकलीस भिंगरी! कमाल केलीस!" मालक म्हणाले.

"बाबा, पाहिलंस तू?"

"पाहिलं की!"

"मग सांग, शेवटचा पॉइंट कसा मिळाला?"

मालकांनी पिशवीचा पट्टा उगाच सारखा केला.

"स्मॅश?" ते हळूच म्हणाले.

भिंगरीने बाटलीचं बूच लावलं. "स्मॅश नव्हता," ती म्हणाली. "कसा होता ते मी नाही सांगणार. आयुष्यातला माझा सगळ्यात भारी पॉइंट होता, बाबा. तिथल्या चहावाल्याने पाहिला. पंख्याचं बटण बंद करायला आलेल्या माणसानेही पाहिला."

घरी येताना ती चार पावलं पुढेच चालत राहिली. मला सांगायचं होतं, की अगं, बाबांसोबत माझ्यावरही कशाला रागावतेस, मी तर तयार होतो. पण फोटोच नसेल तर कॅमेऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

दोन दिवसांनी सकाळी अंतिम सामना होता. मालकांनी पिशवी भरली. मग सगळं बाहेर काढलं. मोठी लेन्स हातात घेतली, ठेवली. छोटी माझ्यावर बसवली. मला कपाटात ठेवलं, पुन्हा उचललं. भिंगरी दारात बूट बांधत होती. बांधून झाल्यावर ती पिशवीकडे न बघताच पायऱ्या उतरू लागली.

मालकांनी मला ठेवलं, कपाट लावलं आणि रिकाम्या हातांनी निघाले.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. मस्त डोळा बसवलेला, बॅटरी भरलेली, आणि समोर कपाटाच्या दाराची आतली बाजू! सगळ्या हंगामात एकदा माझी तयारी पूर्ण होती, आणि नेमका तेव्हाच मी घरी.

दुपारी दोघं परतली. भिंगरी हरली होती, तीन गेमपर्यंत झुंजून. प्रवेश तर आधीच पक्का होता, गेला तो चषक. आईला ग्रंथालयातून सुटी मिळाली नव्हती. ती नुकतीच आली होती. तिने विचारलं, "कसा झाला सामना?"

आणि मालक सुरू झाले. पहिल्या पॉइंटपासून! भिंगरीने कुठे फसवलं, समोरच्या मुलीचा पाय कुठे अडला, पंचाने कोणता निर्णय चुकवला. कपाटाच्या दाराच्या फटीतून मला दिसलं, त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि बैठकीच्या खोलीत रॅकेटसारखी फिरवायला लागले. "अशी मागे वाकली बघ, अशी! आणि इथून, कमरेतून..." फुलदाणी थोडक्यात वाचली. आई हसून हसून खुर्चीत बसली. हरलेल्या सामन्याचं इतकं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, माझी कोपर एवढी वर नव्हती!" भिंगरी ओरडली.

"होती! मी बघत होतो ना!"

मग तिने माझं कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, आणि काहीही न जुळवता बटण दाबलं.

फोटो भयंकर आला. मालकांचं कपाळ कापलेलं, वर्तमानपत्राची नुसती पांढरी रेघ, आई कोपऱ्यात अर्धी, सगळं हललेलं. माझ्यासारख्या यंत्राला लाज वाटावी असा. त्या सबंध हंगामातला हाच एक फोटो भिंगरीने छापून घेतला आणि प्रशिक्षण केंद्रातल्या आपल्या पलंगाशेजारी लावला, असं तिची आई परवा फोनवर कोणाला तरी सांगत होती.

तुम्हाला वाटेल, आता मालक सुधारले असतील. मलाही वाटलं होतं. पण भिंगरी गेली आणि आठवड्याभरात मोठी लेन्स मित्राकडे परत गेली. छोटी दुकानात परत दिली. का, तर "आता नीट विचार करून सगळ्याला चालेल अशी एकच घेऊ." माझ्या तोंडावर झाकण बसलं. फ्रिजवर नवा कागद लागला. काल ऐकलं, त्यावर आता सात नावं आहेत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. कोणी त्यांच्या घरी गेलात तर तो कागद काढून घ्या. म्हणावं, सातातली कुठलीही आणा. डोळे मिटून एकावर बोट ठेवा. जी येईल तिच्यातून मी जीव ओतून बघेन.

पुढच्या महिन्यात भिंगरी सुटीला घरी येणार आहे. चारच दिवस.